अटारीचे फाटक आणि हुसैनीवालाची वाट

महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँकांना सुट्टी मिळू लागली ती १ सप्टेंबर २०१५ पासून. उत्तरेत बदली होऊन गेलेल्या मराठी कर्मचाऱ्यांच्या सहलींना तेव्हापासून एक ठरावीक वळण लागले आहे. सोबतीला एखादा मित्र घ्यावयाचा, शुक्रवारी रात्री दिल्लीहून गाडी काढावयाची, शनिवारी अमृतसरला पोहोचून सुवर्णमंदिराचे दर्शन घ्यावयाचे आणि दुपारी सीमेवरचा ध्वजावतरणाचा सोहळा पाहण्यासाठी अटारी गाठावयाची. रविवारी परतीचा प्रवास आणि सोमवारी शाखेत छायाचित्रांचे प्रदर्शन! एकूण अंतर जाऊन येऊन नऊशे किलोमीटरांच्या वर जाते; परंतु रस्ता उत्तम आहे आणि ढाबे त्याहून उत्तम.

या प्रवासाला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच, की इतके अंतर तोडून गेलेला प्रवासी तेथे नेमके काय पाहतो?

रस्ता स्वतःच पुष्कळ काही दाखवितो. पानिपतावरून जाताना मराठी माणसाची गाडी आपोआप मंदावते. १४ जानेवारी १७६१ ही तारीख त्याला शाळेपासून पाठ असते. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७५८ मध्ये, राघोबादादांच्या फौजा याच मुलखातून लाहोरात शिरल्या होत्या. ‘अटकेपार झेंडा’ हा शब्दप्रयोग मराठीत आजही पदोन्नतीच्या समारंभापर्यंत सर्वत्र वापरला जातो. पण अटकेची वाट लाहोरावरून जाते आणि अटारीहून लाहोर जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे, हे नकाशा उघडल्याखेरीज कोणाच्या ध्यानी येत नाही. खुद्द अटारी हे १८४६ मध्ये सोबरावच्या रणांगणावर धारातीर्थी पडलेल्या शामसिंग अटारीवाला या शीख सेनानीचे गाव. बहुतेक गाड्या या गावात न थांबता वाहनतळाकडे धावतात, याचे वाईट वाटते.

सोहळ्याची प्रथा १९५९ पासूनची आहे. सीमा सुरक्षा दलाची स्थापना १ डिसेंबर १९६५ रोजी झाली, म्हणजे प्रथा दलाहूनही जुनी. सूर्यास्ताच्या सुमारास भारताचे खाकी गणवेशातील जवान आणि पलीकडचे काळ्या पोशाखातील पाकिस्तान रेंजर्स आपापल्या फाटकाकडे झपाझप येतात, पाय कपाळापर्यंत उंचावतात, मिशांना पीळ देतात. प्रेक्षागारात तत्पूर्वीच जल्लोष सुरू झालेला असतो. स्त्रिया तिरंगा घेऊन रस्त्यावरून धावतात, नाचतात, घोषणांनी आसमंत दणाणतो. गर्दी पाहून कोणी याला क्रिकेटच्या सामन्याची उपमा देतो. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु सामन्यात एक पक्ष जिंकतो. येथील सारा खटाटोप कोणीही जिंकू नये यासाठी असतो. दोन्ही ध्वज एकाच वेळी, एकाच गतीने खाली येतात. एकही क्षणभर दुसऱ्याहून वर राहू नये, अशी ती दक्षता असते. दिवसअखेर जमा आणि नावे बाजू पैशापर्यंत जुळविण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना तरी या जुळणीचे मोल कळावयास हवे.

ही जुळणी परस्परांशी बोलल्याशिवाय साधत नाही. समोरासमोर डोळे वटारणाऱ्या दोन पथकांनी पावलांचा मेळ आधी जमविलेला असतो. २०१० मध्ये आविर्भावातील आक्रमकता काहीशी कमी करण्यात आली, तीही दोन्हीकडून. संपूर्ण सोहळ्याचा गाभा मात्र काही सेकंदांचा असे: फाटके उघडत आणि दोन्हीकडचे अधिकारी हस्तांदोलन करीत. आरोळ्यांच्या गदारोळात ते हस्तांदोलन कित्येकांच्या नजरेतून निसटून जाई. छायाचित्रांत सापडे तो उंचावलेला पाय. जुळलेले हात क्वचितच.

आता तो क्षण सोहळ्यातून वगळला गेला आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराधांचे प्राण घेतले. त्यानंतर दोनच दिवसांनी अटारी, हुसैनीवाला आणि सादकी या पंजाबमधील तिन्ही ठिकाणी सोहळा संक्षिप्त करण्यात आला; फाटके बंद ठेवावयाची आणि हस्तांदोलन करावयाचे नाही, असे ठरले. मे महिन्यात प्रेक्षकांसाठी सोहळा पुन्हा सुरू झाला तेव्हाही फाटक बंदच होते. पहलगामच्या मृतांत महाराष्ट्रातील पर्यटकही होते. या निर्णयामागील संताप मराठी घरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जो हात पुढे करावयाचा त्यामागे विश्वास नसेल, तर तो मागे घेणेच प्रामाणिकपणाचे. तथापि बंद फाटकासमोर तोच जल्लोष, त्याच टाळ्या ऐकू याव्यात आणि काहीतरी उणे झाल्याची जाणीवही होऊ नये, हे खटकते. फाटक बंद होणे ही गंभीर गोष्ट आहे. ती गांभीर्यानेच पाहावयास हवी.

त्या फाटकातून केवळ नजराच जात नसत. २० फेब्रुवारी १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरला गेले ते येथूनच. ट्रकना थेट पलीकडे जाण्याची मुभा नव्हती त्या काळात दोन्ही देशांचे हमाल सीमारेषेवर येत आणि एकाच्या डोक्यावरील गोणी दुसऱ्याच्या डोक्यावर जाई. २०१२ मध्ये अटारीला एकात्मिक तपासणी नाका उभा राहिला. पलीकडून सिमेंट, जिप्सम, खारीक, सैंधव येई. मराठी घरातील उपवासाच्या पदार्थांत पडणारे सैंधव आणि डिंकाच्या लाडवातील खारीक कोणत्या वाटेने आली, याचा विचार स्वयंपाकघरात कोण करतो? फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावले, ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापारच थांबविला आणि २ मे २०२५ रोजी भारताने तिसऱ्या देशामार्गे येणाऱ्या मालासही बंदी केली. राष्ट्रीय सुरक्षेपुढे व्यापार गौण, हे मान्यच. परंतु त्याची किंमत सर्वांत आधी चुकती केली ती अटारीच्या परिसरातील हमालांनी, ट्रकचालकांनी आणि ढाबेवाल्यांनी. ज्या रस्त्याने प्रेक्षक प्रेक्षागाराकडे जातात, त्याच रस्त्यावर ती माणसे राहतात. सहलीला गेलेल्या बँक अधिकाऱ्याने परतताना त्यांच्यापैकी एखाद्याच्या दुकानात चहा घेऊन चार शब्द बोलावे. कर्जाचे हप्ते कशामुळे थकतात, याचे तितके चांगले प्रशिक्षण अन्यत्र मिळणार नाही.

आणि रविवार? तो बहुधा अमृतसरच्या बाजारात पापड-वड्या घेण्यात सरतो. त्याऐवजी तरनतारनवरून दक्षिणेकडे निघावे. वाटेत हरिके लागते. तेथे बियास सतलजला मिळते आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. पुढे फिरोजपूर, आणि त्यापलीकडे दहा-बारा किलोमीटरांवर सतलजकाठी हुसैनीवाला. अमृतसरपासून हे अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. येथेही सायंकाळचा सोहळा होतो, तो बराच लहान; दोन देशांचे प्रेक्षक इतके जवळ बसतात, की पलीकडचे चेहरे ओळखता यावेत. ज्याच्या हाती एकच संध्याकाळ असेल, त्याने अटारी सोडून येथे यावे, असे निःशंकपणे सांगता येईल.

सकाळी आले तरी चालते, कारण येथे खरे पाहावयाचे ते फाटक नव्हेच. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी दिलेल्या भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांचे देह इंग्रजांनी रातोरात आणून याच नदीकाठी गुपचूप जाळले. फाळणीत ही जागा पाकिस्तानात गेली. १९६१ मध्ये भारताने बारा गावे देऊन ती परत मिळविली. गावाच्या बदल्यात गाव, हे कोणत्याही हिशोबात बसते; येथे मूठभर राखेसाठी बारा गावे दिली गेली. बटुकेश्वर दत्त यांच्यावर १९६५ मध्ये त्यांच्या इच्छेनुसार येथेच अंत्यसंस्कार झाले.

या तिघांतील शिवराम हरी राजगुरू हे पुणे जिल्ह्यातील खेडचे. गावाला आज राजगुरुनगर म्हणतात आणि पुण्याहून नाशिककडे जाणारा प्रत्येक प्रवासी त्या नावाच्या पाटीखालून जातो. सतलजकाठच्या त्यांच्या समाधीपर्यंत मात्र फार थोडे मराठी प्रवासी पोहोचतात. अटारीच्या प्रेक्षागारात मराठी घोषणा ऐकू येतात. हुसैनीवालाच्या कट्ट्यापाशी शनिवार-रविवारीही शांतता असते.

परतीसाठी फिरोजपूरहून मोगा, लुधियाना असा सरळ रस्ता आहे. सुट्टीचा मेळ जमत असेल, तर २३ मार्च साधावा. त्या दिवशी तेथे मेळा भरतो आणि फिरोजपूरहून रेल्वेची विशेष गाडी सुटते. ती हुसैनीवालापर्यंतच जाते. पुढचा पूल १९७१ च्या युद्धात उडविण्यात आला आणि लाहोरकडे जाणारे रूळ नदीअलीकडेच संपतात.