शेणाने बदललेले चित्र

शेण पाहिले की बैलाने कडबा खाल्ला की हिरवा चारा, हे शेतकऱ्याला कळते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरचे चित्रही असेच जुळवतात. हाडांवरून उंची व अंगलोट कळते. कातडीचा रंग बहुधा अंदाजाचा. खाणे कळते ते शेणावरून.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे. तिथे साडेसहा कोटी वर्षांहून जुने, दगड झालेले शेण सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद व सहकाऱ्यांनी २००५ साली त्यात गवताचे काचेसारखे सूक्ष्म कण दाखवले. धानाच्या पातीने हात चिरतो, तो अशाच कणांमुळे. गवत डायनोसॉरनंतर आले, अशी तोवर समजूत होती. म्हणून चित्रकार त्यांच्या पायाखाली गवत काढीत नसत. विदर्भातल्या शेणाने ते चित्र बदलले.

मंडळी, आपल्या मोर्शी तालुक्यात सालबर्डीच्या परिसरातही डायनोसॉरच्या अंड्यांचे घरटे सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. महाशिवरात्रीच्या यात्रेत पोरांना अंड्यासारखा गोल दगड दिसला, तर तो फोडू देऊ नका, घरीही आणू नका. जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. जागा सुटली की दगड मुका होतो.