विश्लेषण : कंटाळा धावण्याचा, की त्याच त्या रस्त्याचा?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पावसाळा सरताना जोमात सराव सुरू करणारे कित्येक जण डिसेंबरपर्यंत ढेपाळतात. ऑफिस, झोप, गुडघा अशी कारणे सांगितली जातात. रस्त्याचे नाव मात्र कुणी घेत नाही.

ओळखीचा रस्ता जड का होतो?

दहा किलोमीटरपर्यंत रोजचा रस्ता निभावून नेतो. रविवारचे अंतर 25-30 किलोमीटरवर गेले, की तोच अंगावर येतो. कुठे चढ आहे, कुठे कुत्री भुंकणार, सगळे पाठ असते. मनाला ‘किती उरले’ या हिशेबाशिवाय काम राहत नाही आणि अठराव्या किलोमीटरला हा हिशेब नेहमी तोट्याचाच वाटतो. नव्या वाटेवर नजर बाहेर जाते. अंतर तेवढेच, पण घड्याळाकडे कमी वेळा पाहिले जाते.

शरीराचाही फायदा आहे. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावले तर दोन्ही पायांवर सारखा भार पडत नाही. मरीन ड्राइव्हचा सपाट पट्टा साधारण साडेतीन किलोमीटरचा. त्याच्या फेऱ्या मारणाऱ्याने एखादा रविवार बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीचा चढ धरावा. पुणेकरांना वेताळ टेकडी आणि तळजई आहेच. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला मुंबई-पुण्याचे धावपटू जातात ते यवतेश्वर घाटासाठी. तिथे वेळ खराब लागते, तरी पुढच्या वर्षी पुन्हा नोंदणी होते!

उलटे उदाहरणही आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 3,100 मैलांची शर्यत एकाच चौकोनी ब्लॉकभोवती होते. 883 मीटरची एक फेरी, अशा 5,649 फेऱ्या, मुदत 52 दिवस. म्हणजे एका रस्त्यावरही माणूस टिकतो. पण तिथेही धावण्याची दिशा रोज उलटी केली जाते.

वेगाच्या सरावाला मात्र ठरलेला रस्ताच बरा. वाट दर वेळी बदलली तर प्रगती मोजणार कशी?

मग सगळे रस्ता बदलत का नाहीत?

‘नवीन वाट शोधा’ हा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुधा पुरुष असतो. पहाटे पाचला, अंधारात, एकट्या बाईने अनोळखी टेकडी चढावी असे कोण सांगेल? तिच्या वाट्याला दिव्यांचा तोच रस्ता नाही तर मैदानाच्या फेऱ्या येतात. तिचा उत्साह आटला तर दोष जिद्दीला देणे अन्यायाचे आहे. टेकडीच्या पायथ्याशी दिवे आणि सकाळी लवकर उघडणारे उद्यान एवढ्यानेही तिचा रविवार बदलेल. ते होईपर्यंत सोय एकच: चार-पाच जणींनी मिळून दर शनिवारी रात्री ठरवायचे, उद्या कुठून सुरुवात.