सुटा अडॅप्टर आणि प्रमाणीकरणाचा प्रश्न

चालती वस्तू टाकून देऊ नये, हा मध्यमवर्गीय घरांचा पूर्वापार संस्कार आहे. त्या संस्काराची कसोटी आज जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत लागत आहे. टंकलेखन, हिशेब आणि साधा अभ्यास यांपुरते पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे यंत्रही पुरेसे ठरू शकते. परंतु ते दुसऱ्या-तिसऱ्या हाती येते तेव्हा त्याचा मूळ अडॅप्टर बरोबर असतोच असे नाही. मग कपाटातील वायरींच्या गुंत्यातून जो खाचेत बसेल तो अडॅप्टर जोडून पाहिला जातो. वरवर क्षुल्लक वाटणारी ही कृती यंत्राच्या, आणि प्रसंगी घराच्याही, मुळावर येऊ शकते.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, हा समज मुळातच चुकीचा आहे. आयबीएमच्या थिंकपॅड यंत्रांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टी ४० ते टी ४३ या यंत्रांना १६ व्होल्टचा विद्युतदाब लागे आणि त्यांच्या गोल पिनेचा बाहेरचा व्यास साडेपाच, तर आतील अडीच मिलिमीटर होता. नेमक्या त्याच मापाची पिन इतर कंपन्यांच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरांनाही असे. म्हणजे चुकीचा अडॅप्टर बिनदिक्कत बसत होता. पुढे २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेला. २००६ मध्ये आलेल्या टी ६० या यंत्रासाठी दाब २० व्होल्ट करण्यात आला, पण त्याबरोबर पिनही जाड करण्यात आली. दाब बदलताना पिन बदलणे हा सुरक्षिततेचा उपाय होय. दाब तोच ठेवून पिन तेवढी निराळी करणे म्हणजे ग्राहकाला बांधून ठेवणे होय. या दोहोंतील भेद ध्यानात घेतला पाहिजे.

तेव्हा निर्णय पिनेवरून नव्हे, तर यंत्राच्या तळाशी आणि अडॅप्टरवर छापलेल्या मजकुरावरून करावयास हवा. दोन्हींवरील व्होल्टचा आकडा एकच असावा. अँपिअरचा आकडा अडॅप्टरवर यंत्राइतका किंवा त्याहून अधिक असावा. अधिक अँपिअरमुळे यंत्र जळते ही भीती निराधार आहे. पुरवठ्याची क्षमता वाढली म्हणून मागणी आपोआप वाढत नाही. याउलट क्षमता अपुरी असल्यास अडॅप्टर तापतो. पिनेच्या आतील भाग धन की ऋण, हे छोट्या आकृतीत दाखविलेले असते. तेही जुळले पाहिजे. आप्तांनी अमेरिकेतून आणलेला जुना अडॅप्टर केवळ १२० व्होल्टचा असल्यास तो आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर लावणे धोक्याचे आहे. मजकूर पुसट झाला असेल, वायरीचे आवरण तडकले असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो अडॅप्टर वापरू नये. तो उघडून पाहण्याचा मोहही टाळावा; वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

तथापि, एवढी दक्षता ग्राहकाच्याच गळ्यात का पडावी, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येक कंपनीने आपली पिन वेगळी ठेवली, त्याचा लाभ तिला मिळाला. हरवलेल्या अडॅप्टरचा शोध, चुकीच्या जोडणीचा धोका आणि अखेरचा कचरा यांचा भार मात्र इतरांवर पडला. अर्थशास्त्रात यालाच बाह्य खर्च म्हणतात. जुने यंत्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या रचनेत कधीच मत नव्हते, तरी किंमत मोजण्याची पाळी त्याच्यावरच येते. बाजार हा दोष आपण होऊन दूर करील, असे मानण्यास अनुभवाचा आधार नाही.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये निर्देश संमत करून मोबाइल फोन व तत्सम उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून, आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून यूएसबी टाइप-सी ही समान जोडणी बंधनकारक ठरविली. भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये या जोडणीचे मानक प्रसिद्ध केले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु ती नव्या मालाचा विचार करतात. आधीच घरोघरी पोहोचलेली यंत्रे त्यांनी सुरक्षित होत नाहीत.

त्यासाठी उपाय साधे आहेत. आवश्यक दाब, प्रवाह आणि ध्रुव यांची माहिती यंत्राच्या अंगावरच न पुसणाऱ्या अक्षरांत कोरण्याची सक्ती असावी. जुन्या यंत्रांचे हे तपशील उत्पादकांनी दुरुस्ती करणाऱ्यांना खुले ठेवावेत. महाविद्यालये आणि कार्यालये जुनी यंत्रे निर्लेखित करतात, तेव्हा यंत्र आणि अडॅप्टर यांचे दोन वेगळे ढीग न करता दोहोंवर एकच क्रमांक घालून ती जोडीनेच द्यावीत. या शेवटच्या सुधारणेला कायदा लागत नाही की अनुदान. एक चिठ्ठी आणि थोडी शिस्त पुरते. काटकसर हा सद्गुण खराच, पण माहितीवाचून केलेली काटकसर हा जुगार ठरतो, आणि तो जुगार ज्यांना परवडत नाही त्यांच्याच वाट्याला येतो.