लिंकनची अर्धीच यादी



परीक्षेत गुण कमी पडले, की घरातलं कुणीतरी मोठं माणूस अब्राहम लिंकनची यादी ऐकवतं. धंद्यात बुडाले, निवडणुकीत हरले, पुन्हा हरले, पुन्हा हरले... आणि एक दिवस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले! ऐकायला छान वाटतं. पण खरं सांगू? ही यादी अर्धीच आहे. नुसतं हरत राहून कुणी राष्ट्राध्यक्ष होतं का? मग मधल्या काळात लिंकन करत काय होते?

१८३२ साली, वयाच्या २३ व्या वर्षी ते इलिनॉय राज्याच्या विधिमंडळासाठी उभे राहिले. १३ उमेदवारांत त्यांचा नंबर आला आठवा. हरले! पण गंमत पाहा. ते राहत होते त्या न्यू सालेममध्ये ३०० पैकी २७७ जणांनी त्यांना मत दिलं होतं. ओळखणाऱ्यांना ते हवे होते. बाकीच्या गावांना ते ठाऊकच नव्हते. मग पुढची दोन वर्षं त्यांनी पोस्टमास्तरकी केली, जमीन मोजणीचं काम शिकून घेतलं आणि त्या कामासाठी गावोगाव हिंडले. १८३४ साली ते निवडून आले आणि त्यानंतर ओळीनं आणखी तीनदा! यादीत हे कुणी सांगत नाही.

आता दुकानाची गोष्ट. भागीदारीतलं ते दुकान बुडालं. पुढे भागीदारही वारला. सुमारे १,१०० डॉलरचं कर्ज एकट्या लिंकनच्या डोक्यावर आलं. त्या काळी ही फार मोठी रक्कम. मोजणीची अवजारंसुद्धा लिलावात निघाली. एका मित्रानं ती विकत घेतली आणि त्यांना परत दिली. लिंकन पळून गेले नाहीत. त्या कर्जाला थट्टेनं ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणत त्यांनी ते कित्येक वर्षांत फेडलं.

एकदा तर ते जाणूनबुजून हरले! १८५५ साली सिनेटच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत सर्वांत जास्त मतं त्यांनाच होती. पण बहुमत होईना. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा माणूस निवडून यावा, म्हणून त्यांनी आपली मतं ट्रंबल यांना द्यायला सांगितली. ट्रंबल जिंकले. १८५८ मध्ये डग्लस यांच्यापुढे लिंकन पुन्हा हरले. पण त्या दोघांचे सात जाहीर वादविवाद वर्तमानपत्रांतून देशभर वाचले गेले आणि लिंकन हे नाव सगळीकडे पोचलं. १८६० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १८६३ च्या पहिल्याच दिवशी त्यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली.

तेव्हा मित्रांनो, हरणं ही काही जादूची पायरी नव्हे. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आपण काय करतो, ते महत्त्वाचं. वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. एकीकडे लिहा, ‘काय हुकलं?’ दुसरीकडे, ‘मग मी काय केलं?’ दुसरी बाजू कोरी राहिली, तर कुणाची मदत घ्यायची तेही लिहा. लिंकनलाही अवजारं परत देणारा मित्र लागलाच होता की!

आणि आईबाबांनो, पुढच्या वेळी यादी ऐकवायची झाली, तर पूर्ण ऐकवा हं!