आधी बारसं की आधी वाटणी?

परवाच्या शनिवारी एफसी रोडवर आमचा अड्डा जमला. ग्रुपमधल्या दोघांना स्वतःचं स्टार्टअप काढायचंय. तो कोडिंगवाला, ती एमबीए. ऑफिसवाल्यांना घरगुती डबा पोचवणारं अ‍ॅप. प्लॅन सॉलिड, अडलंय फक्त नावापाशी! तीन आठवडे झाले, वेटरकडचे टिश्यू पेपर संपत आले. नाव आवडलं तर डोमेन मिळत नाही, आणि डोमेन मिळालं तर ते नाव आईला म्हणता येत नाही.

शेवटी गाडी माझ्यावर आली. 'तू लिहितेस ना? मग नाव तू दे, कंटेंटही तूच बघ. दहा टक्के तुझे!'

दहा टक्के! महिनोन्महिने चेकची वाट बघणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरला आणखी काय हवं? मनातल्या मनात मी बाणेरला टू बीएचके बुकही करून टाकला.

रात्री मात्र झोप येईना. असेच दहा टक्के मिळालेला आणखी एक माणूस आठवला. रोनाल्ड वेन, अ‍ॅपलचा तिसरा भागीदार.

अ‍ॅपलच्या नावाला तीन आठवडे लागले नव्हते. सफरचंदाच्या बागेतून परतलेल्या स्टीव्ह जॉब्जला स्टीव्ह वॉझनियाक विमानतळावरून घेऊन येत होता, तेव्हा गाडीतच ते निघालं. खरं काम केलं वेनने. १ एप्रिल १९७६ ला त्याने टाइपरायटरवर करारनामा तयार केला. दोघा स्टीव्हना ४५-४५ टक्के, स्वतःला १०. कोण कुठलं काम बघणार, शंभर डॉलरहून जास्त खर्चाला किमान दोघांची संमती... सगळं लेखी. आणि आपल्याकडे बारसं करतात त्या बाराव्या दिवशी, १२ एप्रिलला, पठ्ठ्याने आपला हिस्सा सोडून दिला. मोबदला ८०० डॉलर!

वेडाच, नाही? मलाही तसंच वाटायचं. पण साध्या भागीदारीत धंदा बुडाला, की देणेकरी कुठल्याही भागीदाराच्या दारात उभे राहू शकतात. दोघा स्टीव्हकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, चाळिशी ओलांडलेल्या वेनकडे होतं. आपला १९३२ चा भागीदारी कायदाही तेच सांगतो. काही ठरवलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा, आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार. २००८ च्या कायद्याने एलएलपीची सोय झाली, त्यामुळे सहसा घरदार तरी वाचतं.

रविवारी पुन्हा भेटलो. मी म्हटलं, 'नाव नंतर. आधी कागद.'

'आपल्यात कसला कागद? विश्वास नाही का?' तो म्हणाला.

मी टिश्यू पेपरवर पहिला प्रश्न लिहिला. पूर्ण वेळ कोण, आणि कधीपासून?

तिने तर शुक्रवारीच राजीनामा दिला होता. तो कॉफी ढवळत बसला. मग हळूच म्हणाला, 'मी अजून दिला नाहीये. होम लोनचा हप्ता आहे गं. सहा महिने नोकरी ठेवून रात्री काम करीन म्हणत होतो...'

टेबलावर शांतता. तिचे डोळे भरून आले. 'हे मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?'

नावावरून तीन आठवडे भांडलेली ही दोघं या विषयावर तीन मिनिटंही बोलली नव्हती!

मग दोन तास लागले. तो पूर्ण वेळ येईपर्यंत त्याचा हिस्सा कमी, आल्यावर दरवर्षी थोडा थोडा वाढणार. मध्येच कुणी सोडून गेलं तर काय, तेही लिहिलं. आता ते सीएकडून पक्कं करून घ्यायचंय. घरी जाताना ती फारसं बोलली नाही. रात्री मेसेज आला, 'आत्ता कळलं तेच बरं.'

आणि माझे दहा टक्के? सोडले! लेखामागे ठरलेले पैसे, तेही वेळेवर, एवढंच लेखी घेतलं. उद्या हे अ‍ॅप अ‍ॅपलएवढं झालं तर खुशाल हसा मला.

नाव अजून ठरायचंय. पण १९३९ मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी कुणाचं नाव आधी, ते म्हणे नाणं उडवून ठरवलं. मीही एक रुपया काढून ठेवलाय. टेन्शन नाही!