गावाचे मन कोणी सांभाळावे?

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतात, नंदादीप अखंड तेवू लागतो आणि सप्तशतीच्या पाठास प्रारंभ होतो. त्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात देवांनी केलेली जगदंबेची स्तुती आपल्यापैकी अनेकांस मुखोद्गत आहे. देवी सर्व प्राणिमात्रांच्या ठायी कोणकोणत्या रूपांनी वास करते, हे तेथे एकामागून एक सांगितले आहे. चेतना, बुद्धी, निद्रा, क्षुधा, शांती, श्रद्धा, स्मृती, दया, तुष्टी ही तिची रूपे होत. आणि या मालिकेच्या अखेरीस भ्रांतीही तिचेच रूप म्हणून वंदिली आहे.

या नामावलीकडे यंदा जरा निराळ्या दृष्टीने पाहावे, असे आम्हास वाटते. मनुष्याचे मन आजारी पडू लागले म्हणजे त्याची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, साध्या गोष्टी आठवेनाशा होतात, चित्तास स्वस्थता म्हणून उरत नाही. मनोविकारांचे वैद्यही रुग्णास प्रथम याच गोष्टी विचारतात. ज्या रूपांपुढे आपण नऊ दिवस हात जोडतो, तीच शेजारच्या एखाद्या घरात कोमेजत असतात. आणि ज्याचे चित्त भ्रमले, तोही जगदंबेच्या कृपाछत्राबाहेर गेलेला नसतो. अशा मनाची काळजी घरच्यांनी व वैद्यांनी घ्यावी, हे सर्वांस मान्य आहे. ती ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेनेही घ्यावयाची आहे, ही गोष्ट मात्र अद्याप आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

प्रश्न लहान नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. आणि विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, तथापि आपली स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास आधार नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील जुनी मनोरुग्णालये गंभीर आजारासाठी आहेत. कर्जाच्या विवंचनेने रात्र रात्र जागणारा शेतकरी, मुले परदेशी गेल्यावर चार भिंतींत एकटी राहिलेली वृद्धा, परीक्षेच्या धास्तीने मूक झालेला मुलगा ही माणसे त्या दारापर्यंत जात नाहीत, आणि पुष्कळदा तेथे जाण्याची त्यांना गरजही नसते. त्यांना गरज असते ती वेळेवर कोणी तरी विचारपूस करण्याची.

हे काम पंचायतीच्या कक्षेत येते काय? १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ व नगरपालिकांकडे सोपविता येतील असे १८ विषय अनुसूचींत नमूद केले. मानसिक स्वास्थ्य हे नाव त्यांत स्वतंत्रपणे येत नाही. परंतु आरोग्य, ग्रंथालये, सांस्कृतिक कार्य, उद्याने, क्रीडांगणे आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय आहेत. मन ज्यांच्या आधारावर सावरते त्या बहुतेक गोष्टी यांतच आल्या. डॉक्टर नेमणे लहान पंचायतीच्या आवाक्यात नसेल. पण वेळ, मान, जागा आणि माणूस या चार गोष्टी तिला देता येतात. आपल्याच महाराष्ट्रात त्या दिल्या गेल्याची उदाहरणे आहेत.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक ठराव केला. रोज सायंकाळी सात वाजता गावच्या देवळावरील भोंगा वाजतो आणि दूरचित्रवाणी व मोबाइल दीड तास बंद ठेवावयाचे असतात. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे, एवढाच हेतू. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. प्रारंभी हसणारे होतेच. मग घरोघर जाऊन समजूत घालण्यात आली. सायंकाळी दिवेलागणीस सारे घर एकत्र बसून शुभंकरोती म्हणत असे, तो काळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. यंत्रांनी हिरावलेली ती घटका गावाने एकमताने परत मिळविली. एकट्या घराने असा नेम केला तर तो चार दिवसांत मोडतो. साऱ्या आळीने केला तर मुलालाही तो जाच वाटत नाही. सामुदायिक ठरावाचे बळ ते हेच.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडचे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, हेरवाड ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्याच्या १७ तारखेस राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे सुचविले. पती गेल्याचे दुःख कोणास टाळता येत नाही; परंतु त्या दुःखावर चारचौघांत अपमानाचा डाग देणे समाजाच्या हाती होते, आणि ते थांबविणेही त्याच्याच हाती आहे. ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे खरे. तो कागदावर राहतो की घरात उतरतो, हे नवरात्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी कळते. शेजारची विधवा भगिनी त्या दिवशी दाराआड राहते की आपल्या ओसरीवर सन्मानाने बसते, याचे उत्तर पंचायतीने नव्हे, आपण द्यावयाचे आहे. जी स्त्री वर्षातील प्रत्येक मंगलप्रसंगी मागे सरते, तिच्या मनाचे काय होत असेल, हे सांगावयास तज्ज्ञ कशास हवा?

तिसरी गोष्ट जागेची. उत्सवाच्या नऊ दिवसांत मंडपात वृद्धांस सोबत मिळते, स्त्रियांस भोंडल्याच्या निमित्ताने मोकळे होता येते. दशमीस सीमोल्लंघन झाले, मंडप उतरला, की एकटा पुन्हा एकटा राहतो. काही नगरपालिकांनी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे काढली आहेत. प्रत्येक प्रभागात असे एक केंद्र, उजेड असलेले एक वाचनालय, बसावयास बाक असलेले उद्यान आणि मुलींसही निर्धास्तपणे जाता येईल असे क्रीडांगण असावे, ही मागणी चैनीची नाही. उद्यानाचा भूखंड गिळला जातो तेव्हा गावाच्या मनःस्वास्थ्याचाच एक तुकडा जातो.

जागेबरोबर शांतताही येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. राज्य शासनास वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. जिला आपण निद्रारूपिणी म्हणून वंदन करतो, तिच्याच उत्सवात शेजारच्या आजारी माणसाची निद्रा हिरावून घेणे हे कोणत्या भक्तीत बसते? मंडपास परवानगी देताना नगरपालिकेने आणि ती घेताना मंडळाने या प्रश्नाचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

चौथी गोष्ट माणसाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावातल्याच साध्या माणसांस शिक्षण देऊन खिन्नतेच्या रुग्णांस मदत करण्याचा एक प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी अशा शंभरांपैकी जेमतेम चारजण मदत घेत असत. दीड वर्षात हे प्रमाण २७ वर गेले. आफ्रिकेतील झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे तर हे कार्य नगरपालिकेच्या दवाखान्यांतूनच चालले. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून तेथील पोक्त आज्यांस शिकवून दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसविले. आजीने ऐकावयाचे, प्रश्न उलगडावयाचा आणि आजार भारी वाटला तर डॉक्टरांकडे पाठवावयाचे, अशी ही रीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय चाचणीत तिचा गुण स्पष्ट दिसून आला. आपल्या गावांत आशा कार्यकर्त्या आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, भजनी मंडळातील वडीलधाऱ्या बाया आहेत. त्यांस शिकविणे आणि आठवड्यातून एक वेळ बसण्याची जागा देणे पंचायतीस अवघड नाही.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न येतोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दीर्घ मनोविकारासही दिव्यांगत्वात स्थान दिले आहे, आणि महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. त्यातून मनोरुग्णांच्या वाट्यास काय आले, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. शहरांची गोष्ट अधिक कठीण होती. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, ती जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. इतर अनेक शहरांतही असेच झाले. या काळात हक्काने दार ठोठवावे असा नगरसेवक नागरिकांस नव्हता. आता निवडून आलेल्यांस गटार व रस्ता यांबरोबर हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

शेवटी कर्तव्य घराकडेच येते. कुलदेवीस नवस बोलावा, अंगारा लावावा, परंतु डॉक्टरांचे औषध थांबवू नये. श्रद्धा आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत. आजार झाकून ठेवल्याने घराण्याची अब्रू राहत नाही, माणूस मात्र जातो. कोणी जीव देण्याचा प्रयत्न केलाच, तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्यास तीव्र मानसिक ताणाखालील मनुष्य मानतो आणि शिक्षेऐवजी शुश्रूषेची जबाबदारी शासनावर टाकतो. म्हणून भिऊन दवाखाना टाळू नये. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक पंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक मंडपाच्या दारी लिहिलेला असावा.

घटाभोवती पेरलेले धान्य रोज पाणी घातल्यानेच उगवते. गावाच्या मनाचेही तसेच आहे. येत्या ग्रामसभेत यांतील एक तरी ठराव आपल्या घरातून मांडला जावो, आणि सर्व प्राणिमात्रांच्या ठायी शांतिरूपाने वसणारी जगदंबा प्रत्येक उंबरठ्याच्या आत सुखाने नांदो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.