मुदतीचा धंदा

गेल्या आठवड्यात माझा पुतण्या घरी आला आणि चहा होताच त्याने मुद्द्यालाच हात घातला. “काका, २०३८ साल फार दूर राहिले नाही. यंत्रांच्या पोटातल्या संगणकांच्या तारखा दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आत्ताच घेऊन ठेवले तर कसे?” हा प्रश्न त्याने शेअर दलालाऐवजी मला विचारला, याचे कारण एवढेच की १९९९ साली एका रासायनिक कारखान्याच्या उपकरण विभागात मी नोकरीस होतो आणि वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० उजाडताच संगणकांच्या तारखा चुकण्याच्या दोषाच्या, तपासणीची जबाबदारी व्यवस्थापनाने माझ्या शिरावर टाकली होती.

तो म्हणतो ते संकट काल्पनिक नव्हे. असंख्य संगणक १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजून त्यावरून तारीख काढतात; हा आकडा बत्तीस बिटांच्या खणात ठेवण्याची जी पद्धत पूर्वी पडली, तिच्यात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाही, आणि ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला असे यंत्र स्वतःस १९०१ सालच्या डिसेंबरात समजू लागेल. दफ्तरांतील मोठे संगणक तोवर बहुतांशी बदललेले असतील. परंतु जलशुद्धीकरण केंद्रातील वा बाष्पकाच्या नियंत्रणपेटीतील जो लहानसा संगणक एकदा बसविला की वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे कोणी उघडून पाहत नाही, त्याचे भय खरे आहे.

आता आमच्या तपासणीची हकिकत सांगतो, कारण माझे उत्तर तिच्यातच आहे. एक जाड नोंदवही घेऊन, सोबत एक तरुण तंत्रज्ञ आणि विजेरी, असे आम्ही कारखान्याच्या प्रत्येक इमारतीत फिरलो, आणि जेथे म्हणून काचेआड आकडा दिसेल वा पेटीत चिप असेल, त्या प्रत्येक जिनसाचा उत्पादक, नमुना क्रमांक, खरेदीचे साल आणि त्यास तारीख कळते की नाही, एवढा मजकूर लिहून काढला. पहिला शोध असा लागला की बहुसंख्य नियंत्रकांना तारखेची गरजच नव्हती; झडप उघडल्यावर चाळीस सेकंदांनी पंप चालू करणाऱ्या नियंत्रकाला आज कोणते साल आहे याच्याशी कर्तव्य नसते. तारीख लागे ती नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्डरला, प्रत्येक बॅचचा दाखला छापणाऱ्या संगणकाला आणि देखभालीची मुदत मोजणाऱ्या यंत्रणेला. दुसरा शोध अधिक महत्त्वाचा होता: जेथे दोष सापडला, तेथे दुरुस्ती आमच्या हाती नव्हती, आणि बाहेरच्या कोणा निष्णाताच्या हातीही नव्हती, कारण कार्यक्रम चिपमध्ये कोरलेला आणि त्याची मूळ प्रत उत्पादकाच्या तिजोरीत. तेव्हा आम्ही उत्पादकांना पत्रे लिहिली. काहींनी ‘दोष नाही’ असा दाखला धाडला, काहींनी नवी चिप पाठविली, आणि पुष्कळांनी, हा नमुना आता निघत नाही, सबब नवीन यंत्र घ्यावे, असे कळविले. वर्षअखेरीस जमाखर्च मांडला तेव्हा पैसा गेला होता तो आमच्याच माणसांच्या अधिक वेळेच्या वेतनात आणि मूळ उत्पादकांच्या बिलांत. ३१ डिसेंबरची रात्र आम्ही नियंत्रण कक्षात जागून काढली. काही झाले नाही, आणि पुढे अनेकांनी तो खर्च व्यर्थ ठरविला, याचे मला आजही दुःख होते.

कारण काही न होणे हे कष्टाचे फळ होते, आणि कष्ट न घेतल्यास काय होते याचे उदाहरण आमच्यासमोर होते. ३१ डिसेंबर १९९६ हा त्या लीप वर्षाचा ३६६वा दिवस. न्यूझीलंडमधील टिवाई पॉइंट येथील ॲल्युमिनियमच्या कारखान्यातील नियंत्रण संगणकांच्या कार्यक्रमात तो दिवस धरलेलाच नव्हता. मध्यरात्री संगणक ठप्प झाले, भट्ट्यांच्या तापमानावरचा ताबा सुटला, आणि काही भट्ट्या निकामी होऊन दहा लाखांहून अधिक न्यूझीलंड डॉलरांची हानी झाली. दोन तासांनी टास्मानियात मध्यरात्र झाली, आणि तेथील बेल बे कारखान्यात तोच कार्यक्रम त्याच रीतीने कोलमडला. २०१० च्या जानेवारीत जर्मनीत बँकांची सुमारे तीन कोटी कार्डे नवे साल ओळखेनाशी झाली, तेव्हाही निस्तरण्याचे काम बँकांवर आणि ती कार्डे बनविणाऱ्या जेमाल्टो कंपनीवर येऊन पडले. तिसऱ्या कोणा दुरुस्तीकाराची त्यातून भरभराट झाल्याचे मला ठाऊक नाही.

भांडवलाच्या बाजाराने मात्र वाय-टू-केच्या काळी दुरुस्तीकारांवरच दृष्टी लावली होती. या संकटाची हाकाटी १९९३ पासून करणारे कॅनडाचे पीटर डी येगर यांच्या नावाने १९९७ साली अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर अशा कंपन्यांचा एक निर्देशांकच सुरू झाला. झिटेल नावाच्या कॅलिफोर्नियातील कंपनीचा शेअर १९९६ साली कित्येक पटींनी चढला, तो मुख्यत्वे तिच्यापाशी मॅट्रिडाइम या दुरुस्ती कंपनीतील हिस्सा होता म्हणून; ती किंमत टिकली नाही. कोलोराडोतील टावा टेक्नॉलॉजीजने तर आमच्यासारख्या कारखान्यांचेच काम हाती घेतले होते, आणि कोणत्या उत्पादकाच्या कोणत्या नमुन्यात दोष आहे याचा कोशच तिने विक्रीस काढला. कोश उपयुक्त होता. मला तेव्हा मिळता तर माझे काही महिने वाचते. परंतु १ जानेवारी २००० नंतर तो कोण विकत घेणार?

पुतण्याला मी कागदावर हिशेब मांडून दाखविला. शेअरमागे वर्षाला दहा रुपये नफा असणाऱ्या कंपनीचा शेअर दोनशेला घ्यावयाचा, तर तो नफा वीस वर्षे चालेल असे गृहीत धरावे लागते. तारखेने ज्याचा अंत आधीच ठरवून दिला आहे ते काम तीन वर्षे भरात राहिले, तर हाती तीस रुपये येतील, आणि उरलेले एकशे सत्तर कोठून वसूल व्हावयाचे याचे उत्तर त्या कंपनीने आजच द्यावयास हवे. आपल्याकडील ज्या सॉफ्टवेअर कंपन्यांना वाय-टू-केने हात दिला, त्यांतील टिकल्या त्या हे उत्तर शोधणाऱ्या: तारीख दुरुस्त करावयास शिरलेल्या माणसांनी परदेशी ग्राहकाच्या साऱ्या कार्यक्रमांची माहिती करून घेतली आणि तारीख उलटल्यावर देखभालीचे काम मागून घेतले.

तो निघाला तेव्हा ट्रंकेतली ती नोंदवही काढून मी त्याच्या हाती दिली. तिच्यात शेवटचा रकाना ‘दुरुस्ती कोण करणार’ असा आहे आणि पानामागून पान त्यात माझ्याच अक्षरात एकच शेरा आहे: ‘मूळ उत्पादक’.